डुक्कर फियाट उघडण्याआधी: कागद, नंबर आणि रंगाचे थर

जुनी फियाट हाती आली की बहुतेकांचा पहिला फोन डेंटिंगवाल्याला जातो. तो जरा लांबवा. मिस्त्रीने एकदा दारं उतरवली, रंग खरवडला आणि जुनं वायरिंग भंगारात टाकलं, की गाडीने साठ वर्षांत साठवलेला पुरावाही त्याच पोत्यातून जातो. हा पुरावा आता नुसत्या हौसेचा विषय राहिलेला नाही. जुलै २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी तीत बसते, पण मूळ रूपात असेल तरच. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. मूळ रूप कोणतं हे मालकालाच ठाऊक नसेल, तर मिस्त्री काय जपणार आणि अर्जात काय लिहिणार?

आधी गाडी नेमकी कोणती ते ठरवा. विकणारा "सिक्स्टी मॉडेल आहे साहेब" म्हणतो, त्यावर जाऊ नका. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. गोलसर, फुगीर, पुढची दारं उलटी म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, तीच आपली डुक्कर फियाट. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि दारं सरळ झाली. पद्मिनी हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी आलं. म्हणजे आरसीत १९६६ असेल आणि दारं उलटी असतील, तर थबकायला हवं. वर्ष उत्पादनाचं लिहिलंय की नोंदणीचं, की बॉडीच दुसऱ्या गाडीची आहे, हे आधी सुटलं पाहिजे.

आरसी बुक मिळालं तर त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, शिक्के मारलेल्या कोऱ्या पानांचासुद्धा. मालकांची नावं तर कळतीलच, पण मला त्यातला जास्त बोलका भाग वाटतो तो टॅक्सच्या नोंदींचा. मध्येच पाच-सात वर्षं टॅक्स भरलेला नसेल, तर बहुधा गाडी तेवढा काळ उभी होती. उभ्या गाडीचा फ्लोअर सडतो, पेट्रोलची टाकी आतून गंजते, ब्रेक जाम होतात. खर्चाचा पहिला अंदाज इथेच येतो. बँकेचा एचपीचा, म्हणजे गाडी कर्जावर घेतल्याचा, शिक्का दिसला तर कर्ज फिटल्याची नोंद शोधा. बँकच विलीन झालेली असली तर पत्र नव्या बँकेकडून आणावं लागतं. देना बँकेचा शिक्का असेल, तर २०१९ पासून दार बँक ऑफ बडोदाचं. मूळ मालक वारला असेल आणि नाव कधीच बदललं नसेल, तर वारसांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर वारसांचा भावही चढतो.

नंबर प्लेट नीट वाचा. १९८९ च्या जुलैपर्यंत एमएच ०१ वगैरे नव्हतं, तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. बीएमने सुरू होणारा नंबर मुंबई राज्याच्या काळाकडे बोट दाखवतो, जीडीने सुरू होणारा गोव्याकडे. व्हिंटेज नोंदणीत आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवी नोंदणी करणाऱ्याला 'व्हीए' असलेली मालिका मिळते आणि वीस हजार रुपये फी पडते. जुना नंबर घालवून बसू नका.

मग आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढा. मुंबईची जुनी गाडी असेल तर सुरुवात ताडदेवच्या आरटीओपासून. हाताने लिहिलेलं रजिस्टर सापडायला वेळ लागतो, आणि गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा, म्हणजे कागद फिरत असताना बाकीचं होत राहील. गाडी चोरीची नाही ना, हे पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदीत तपासून त्याची एनओसीही फाइलला लावा.

आता बॉनेट उघडा. या फियाटला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर, ठोकलेला चेसिस नंबर म्हणजेच गाडी. त्यावर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. रॉकेलचा बोळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा पुसा. पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवून मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. प्रिंटमध्ये आकड्यांची उंची आणि अंतर पाहा. एखादा आकडा खोल आणि शेजारचा उथळ असेल, किंवा नंबराभोवती चौकोनी वेल्डिंगची रेघ बोटाला लागत असेल, तर कुणीतरी तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून बसवला आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

इंजिनाचा नंबर न जुळणं मात्र इतकं गंभीर नाही. मुंबईत १०८९ सीसीची ही इंजिनं या गाडीतून त्या गाडीत सर्रास फिरली, कित्येकांच्या जागी डिझेल बसलं. बदल आरसीवर चढवला आहे का बघा, आणि व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर इंजिनाची वरची अट विसरू नका. मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं असलं तर ते आधी ताब्यात घ्या, जाम असलं तरी.

मुंबईच्या फियाटला विचारायचा खास प्रश्न: ही कधी टॅक्सी होती का? विकणारा नाही म्हणणारच. डावीकडच्या पुढच्या मडगार्डवर, काचेच्या अलीकडे हात फिरवा. जुना लोखंडी मीटर तिथे बाहेरून बसवलेला असायचा. चुंबक सगळीकडे चिकटून तिथेच सुटत असेल, तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि आतून टॉर्च मारली की मीटरच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं दिसतात. मग रंग तपासा. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या रबराखाली किंवा डिकीच्या आतल्या कडेला रुपयाएवढी जागा बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने घासा. थर एकाखाली एक वर्तुळात उघडे पडतात, उदाहरणार्थ वरचा लाल, मग पांढरा, मग काळा, तळाशी कारखान्याचा प्रायमर. छतावर घासल्यावर पिवळा निघाला की विषय संपला. यात कमीपणा काही नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३ मध्ये नोंदली गेली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अर्धं शहर हळहळलं. पण टॅक्सीची खासगी गाडी झाल्याची नोंद कागदावर नसेल, तर पुढचं सगळं तिथेच अडतं.

कागदावरच्या जुन्या मालकांच्या घरी जा. आरसीची झेरॉक्स घेऊन अनोळखी माणूस दारात आला की लोकांना जुना दंड नाहीतर कोर्टाचं समन्स आठवतं. म्हणून आधीच सांगा, "काकू, पैशाचं काही नाही, तुमच्याकडची गाडी आता माझ्याकडे आहे, तिचा एखादा फोटो असेल तर बघू द्या." लग्नाच्या अल्बममध्ये फुलांनी मढवलेली गाडी हमखास असते. त्यातून बंपर, व्हीलकप, आरसे कळतात. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून रंग मात्र ठरवू नका, त्यासाठी घासलेली जागाच खरी. घरात ड्रायव्हर होता का, गाडी कुठल्या मिस्त्रीकडे जायची, हेही विचारा.

गाडी मॉरिस, ऑस्टिन किंवा एमजी असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे उत्पादनाच्या नोंदींवरून मिळणाऱ्या दाखल्यासाठी अर्ज करा. कुर्ल्याच्या गाडीसाठी आधार आरटीओचा, जुन्या घरांचा आणि पत्र्याचा. पार्ट्सची मूळ यादी किंवा मालकाची पुस्तिका जुन्या बाजारात दिसली तर घासाघीस फार न करता घ्या.

आणि एक निर्णय मिस्त्रीला हात लावू देण्याआधीच घ्यायचा. व्हिंटेज नोंदणी दहा वर्षं चालते, पण त्या गाडीने रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचं असतं. दर रविवारी मुलांना घेऊन अलिबागला जायचा बेत असेल, तर पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी साध्या आरसीचं नूतनीकरण करणंच बरं. मग डिस्क ब्रेकपासून सीटबेल्टपर्यंत मिस्त्रीशी बोलायचे विषयही बदलतात.