कचऱ्यातून एन्झाइम: नमुना आणण्याआधीची तयारी

कचऱ्यातल्या जीवाणूंपासून एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं) मिळवण्याच्या एमएस्सी प्रकल्पाला निघालात, तर एन्झाइम आधी ठरवा आणि उकिरडा नंतर शोधा. स्टार्च तोडणारं अमायलेज हवं असेल तर लातूरकडच्या डाळमिलमागे भिजून आंबलेली चुनी, वनस्पतींचे तंतू (सेल्युलोज) तोडणाऱ्या सेल्युलेजसाठी साखर कारखान्याबाहेर कुजत पडलेला उसाचा भुस्सा, प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएजसाठी दूध संकलन केंद्राची नाली. मालकाची परवानगी मात्र आदल्या दिवशीच काढा. कंपोस्टच्या ढिगात आतलं तापमान 55-60 अंशांवर जातं. उष्णता सोसणारे जीवाणू तिथं मिळतात आणि अनेक कारखान्यांना त्यांचीच एन्झाइम जास्त उपयोगी पडतात. म्हणून वरवरचं उचलू नका, हात-दीड हात आतलं घ्या.

सोबत निर्जंतुक बाटल्या, चमचा, हातमोजे, थर्मामीटर, पीएच पट्ट्या आणि बर्फाचा डबा असू द्या. मे महिन्यात एसटीने नांदेडला प्रयोगशाळेत येईपर्यंत बर्फाविना बाटलीतली जीवाणूंची वस्तीच बदलून जाते. लेबल पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

जीवाणू वाढवायच्या प्लेट (पेट्री डिश) मात्र नमुना यायच्या आधी तयार हव्यात. अमायलेजच्या प्लेटसाठी अगारमध्ये (जीवाणू वाढवायच्या, जेलीसारख्या गोठणाऱ्या माध्यमात) एक टक्का स्टार्च घाला. पाणी डिस्टिल्डच वापरा, बोअरचं नको. प्रोटिएजच्या प्लेटसाठी स्किम मिल्क वेगळं निर्जंतुक करून अगार कोमट झाल्यावर मिसळा. एक-दोन प्लेट रात्रभर रिकाम्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सकाळी त्यावर काही उगवलं, तर ती खेप फेका. विरलनासाठी, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करण्यासाठी, 9 मिलीच्या सलाइन (मिठाच्या पाण्याच्या) नळ्या भरून ठेवा. फक्त बॅसिलस (बीजाणू बनवणारे जीवाणू) हवे असतील, तर विरलनाआधी नमुना 80 अंशांवर 10 मिनिटं तापवा. बीजाणू टिकतात, बाकीचे बहुतेक मरतात.

आता खरी गफलत होते ती जागा. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं की ती निळी होते, स्टार्च पचलेल्या जागी जीवाणूंच्या वसाहतीभोवती (एका ठिपक्यात वाढलेल्या पुंजक्याभोवती) स्वच्छ वलय दिसतं आणि सगळे खूश होतात. पण आयोडीन त्या जीवाणूलाच मारतं! म्हणून ओतण्याआधी प्रत्येक वसाहतीची प्रत दुसऱ्या प्लेटवर उतरवा, दोन्हीकडे तेच क्रमांक टाका. नुसतं मोठं वलय पाहून भुलू नका. वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास, हा आकडा पाहा.

पुढचं थोडक्यात: शेकर (हलवणारं यंत्र) आणि सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र) यांच्या नोंदणीची वही आधीच भरा, लोडशेडिंगची वेळ विचारून घ्या. एन्झाइमने मोकळी केलेली साखर मोजायचं डीएनएस द्रावण तपकिरी बाटलीत करून ठेवा, रंगाचं रीडिंग 540 नॅनोमीटरवर घ्यायचं. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. आणि चांगल्या वसाहतींचा ग्लिसरॉल साठा (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपलेले जीवाणू) दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा.