साथीच्या काळात व्यसनमुक्ती कशी टिकवावी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, दारूची दुकाने बंद झाली आणि अनेक घरांना वाटले की, चला, आता तरी सुटेल. ४ मे रोजी दुकाने उघडू लागताच ठिकठिकाणी ज्या रांगा लागल्या, त्यांनी ही आशा किती भाबडी होती ते दाखवून दिले. दारू न मिळणे आणि दारूवाचून जगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुन्हा साथ आली, निर्बंध आले किंवा घरातल्या एकालाच विलगीकरणात राहावे लागले, तर तयारी दुसऱ्या गोष्टीची करायची असते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर प्रथम डॉक्टरांना गाठावे. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम येणे, मळमळणे, झोप उडणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसे ओळखू येईनाशी होतात, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते, म्हणून ‘चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप ताळ्यावर येईल’ हा शेजारपाजारचा सल्ला मुळीच ऐकू नये. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व वेळेवर मिळाल्यास हे दिवस बऱ्याच सुखरूपपणे पार पडतात. फिट आली किंवा रुग्ण असंबद्ध बरळू लागला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साथीच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होतानाही व्यसनाची माहिती लपवू नये. तिसऱ्या दिवशी रुग्णाला भ्रम झाला, तर तो ऑक्सिजन कमी पडल्यामुळे की दारू तुटल्यामुळे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना ती माहिती लागते. लाजेपायी नातेवाईक नेमके हेच सांगत नाहीत.

सॅनिटायझरचा उल्लेख येथे करायलाच हवा. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळत नसल्याने सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. ज्या घरात हा धोका आहे, तिथे साबण आणि पाणी पुरेसे आहे. दारू सुटावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिरमची गोळी (ती चालू असताना दारू पोटात गेली तर त्रास होतो) चालू असणाऱ्यांनीही अल्कोहोल असलेले सॅनिटायझर आणि खोकल्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

ज्यांची दारू आधीच सुटलेली आहे, त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा असतो. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतून बाहेर पडलेल्यांचा खरा आधार म्हणजे ठरलेल्या दिवशीचा फॉलोअप आणि आपल्यासारख्यांची संगत. साथीत पहिला घाव त्यावरच बसतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभा २०२० मध्ये मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन भरू लागल्या आणि त्याने पुष्कळांना तारले. मात्र एका खोलीत पाच माणसे राहत असतील, तर बायकोमुलांच्या देखत ‘आज फार तलफ आली’ हे कोण बोलणार? त्यासाठी घराने रोज अर्धा-पाऊण तास त्याच्यासाठी मोकळा सोडावा, अगर त्याला गच्चीवर किंवा जिन्यात बसू द्यावे, आणि काय बोलणे झाले ते विचारू नये. इंटरनेट नसेल तर साधा फोनही चालतो. सकाळी एकाला आणि संध्याकाळी एकाला फोन करायचा, मन ठीक असले तरी करायचा, असा नेम ठेवावा. कारण मन बिघडल्यावर फोन उचलावासाच वाटत नाही.

दिवसाची आखणी करताना संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ आधी भरून टाकावी. पूर्वी पिण्याची वेळ हीच असते आणि शरीर ती विसरत नाही. स्वयंपाकातले काम, मुलांचा अभ्यास, झाडांना पाणी, काहीही चालेल, पण ते आदल्या दिवशी ठरलेले असावे. तलफ बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढण्यासाठी आधी काहीतरी खावे, पाणी प्यावे, जागा बदलावी आणि फोन लावावा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी काय आहे, एवढे स्वतःला विचारले तरी अर्धे कोडे सुटते. हाताशी मोबाइल आणि रिकामा वेळ असल्याने ऑनलाइन रमी आणि सट्टा दारूची जागा घेऊ शकतात, त्यावरही लक्ष असावे. बातम्या दिवसातून दोनदा पाहिल्या तरी पुरतात.

साथीत माणसे गेली आणि त्यांचे अंत्यदर्शनही झाले नाही, हे दुःख अनेकांच्या मनात साठून राहिले. ते बुडवण्यासाठी पुन्हा पेला जवळ करणारे कमी नव्हते. दहाव्याला जाता आले नाही, तर नातेवाइकांनी ठरावीक वेळी फोनवर एकत्र येऊन गेलेल्या माणसाविषयी बोलावे आणि रडू आल्यास रडावे. झोप सलग बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येते. व्यसनाविषयीच्या मदतीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

घरच्यांनी तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे हे पहारे सोडावेत. पहाऱ्याने चोरी वाढते, दारू कमी होत नाही. मारहाण होत असेल, तर मात्र ‘तो आजारी आहे’ म्हणून सहन करत बसू नये. ११२ वर फोन करावा.

एखाद्या दिवशी स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा दारू प्यायली गेलीच, तर ती चोवीस तासांच्या आत एका माणसाला सांगावी आणि पुढच्या सभेला बसावे. निर्बंध उठण्याची वार्ता आली की पहिला पगार, पहिले लग्न आणि जुन्या मित्रांचे पहिले बोलावणे या तीन प्रसंगी बरोबर कोण असेल, हे आधीच ठरवून त्या व्यक्तीचा होकार घ्यावा.