घरच्या बागेत नारळाचा संकर करताना या चुका टाळा

मुंबईच्या गोराई-मढ भागातल्या वाड्यांत ज्यांच्या अंगणात ऑरेंज ड्वार्फचा ठेंगू माड आहे आणि जवळपास बाणवली ही कोकणातली उंच जातही आहे, त्यांना घरीच संकरित रोप करता येते. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची ‘चंद्रसंकरा’ ही जात याच जोडीची आहे. प्रयत्न फसतो तो बहुधा पराग टाकताना नव्हे, तर त्याआधी मातृवृक्षाची, म्हणजे ठेंगू माडाची, पोय (फुलोरा) नीट न राखल्यामुळे.

नारळाच्या एकाच पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात. उंच जातीत नर फुले संपल्यावरच सहसा मादी फुले तयार होतात, पण ठेंगू जातीत हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतात आणि माड स्वतःच्याच परागांनी फळतो. म्हणून पोय उकलताच तुऱ्यांचे मादी फुलांच्या वरचे शेंडे कापावेत, उरलेली नर फुले एकही न ठेवता हाताने खुडावीत आणि पोयीवर घट्ट विणीची कापडी पिशवी चढवावी. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, कारण आत पाणी साचून फुले कुजतात. पिशवीचे तोंड बांधताना देठाभोवती कापूस गुंडाळावा, नाहीतर मुंग्या तेथून आत शिरतात.

परागांच्या बाबतीत मुंबईची दमट हवा हा खरा शत्रू आहे. बाणवलीची उमलण्याच्या बेतातली नर फुले सावलीत कागदावर वाळवावीत, पराग चाळून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरताना टाल्कम पावडरीत मिसळावेत. पावसाळ्यात हे काम करूच नये.

मादी फुलाच्या टोकाच्या तीन पाळ्या उलगडून त्यांवर गोड रस चमकू लागला की वेळ झाली असे समजावे. पाळ्या तपकिरी पडल्यावर टाकलेला पराग वाया जातो. एका पोयीतली सगळी फुले एकाच दिवशी तयार होत नाहीत, त्यामुळे एकदाच पराग टाकून थांबू नये, शेवटचे फूल तपकिरी होईपर्यंत रोज सकाळी टाकावा. पिशवी त्यानंतर काही दिवसांनी काढावी. पुढे थोडी बोंडे गळाली तर घाबरू नये, ती गळतातच.

नारळ पक्व व्हायला 11 ते 12 महिने लागतात आणि मध्येच पावसाळ्यापूर्वीची साफसफाई येते. घडाला ठळक खूण बांधून नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला आधीच बजावून ठेवावे, कारण खाली गाड्या उभ्या असल्या की तो सगळेच घड उतरवतो.

रोपे उगवल्यावर झावळीच्या देठाचा रंग पाहिल्याशिवाय त्यांना संकरित म्हणू नये. नारिंगी देठाचे रोप मातृवृक्षाच्याच परागाचे असते, तर संकरिताचा देठ तपकिरी झाक घेतो. असे तपकिरी देठाचे रोपच निवडावे आणि पुढे त्याच्या नारळांपासून तशीच रोपे मिळतील असे धरून चालू नये, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात.