सदोष आणि निकृष्ट टायर कसे ओळखावेत आणि आढळल्यावर काय करावे

मोटारीचा टायर खराब निघाला, असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कारखान्यातच ज्याच्या बांधणीत चूक राहून गेली तो टायर सदोष. ज्याचे रबर आणि आतले धागेच मुळात हलक्या प्रतीचे आहेत, किंवा जो जुना असूनही नवा म्हणून गळ्यात मारला गेला, तो निकृष्ट. आणि जो मुळात चांगला होता, परंतु कमी हवेवर चालल्यामुळे, खड्ड्यात आपटल्यामुळे किंवा चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत असण्याची मांडणी, बिघडल्यामुळे वाया गेला, तो वापरात बिघडलेला. रस्त्यावर तिन्हींचा धोका सारखाच असतो, उपाय मात्र वेगवेगळे आहेत. पहिल्यासाठी उत्पादकाकडे आणि दुसऱ्यासाठी विक्रेत्याकडे दाद मागायची, तर तिसऱ्यासाठी आधी गाडी दुरुस्त करायची, कारण मूळ बिघाड तसाच ठेवून नवा टायर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून टायर तपासताना दोष शोधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कशामुळे आला हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

आधी टायरवरचा मजकूर वाचा

टायरच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेली अक्षरे आणि आकडे ही त्याची जन्मपत्रिका असते, आणि ती दुकानात, टायर रिमवर चढवण्यापूर्वीच वाचावी. समजा, त्यावर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले आहे. यातील २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्केवारीतील प्रमाण, आर म्हणजे रेडियल बांधणी (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेली) आणि १६ हा इंचांमधील रिमचा व्यास. पुढचे ९१ हा भारांक असून त्याचा अर्थ तो टायर ६१५ किलोग्रॅमपर्यंत भार पेलू शकतो, तर व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा. माप बरोबर पण भारांक किंवा वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालचे, असा टायर दिसायला अगदी निर्दोष असला तरी त्या गाडीसाठी तो कमी प्रतीचाच समजावा. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण माप जुळले की माणूस पुढचे वाचत नाही.

त्यानंतर निर्मितीची तारीख पाहावी. डीओटी (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचे संक्षिप्त रूप) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही पूर्ण ओळ अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवताना ती बाजू आत गेलेली असू शकते, त्यामुळे बाहेर दिसली नाही तर गाडीखालच्या बाजूने पाहावे. शेवटी केवळ तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि त्याची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा, कितीही शाबूत असली तरी तो वापरू नये. वर्तुळात ई हे अक्षर आणि शेजारी एक अंक असेल, तर तो टायर संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांनुसार मंजूर झालेला आहे, आणि तो अंक मंजुरी देणारा देश सांगतो. मंजुरीचे कोणतेही चिन्ह नसणे, तारखेचे अंक घासून काढलेले असणे किंवा अक्षरे पुसट व वेडीवाकडी असणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर किंमत कितीही आकर्षक असो, तो टायर घेऊ नये.

मग हात आणि डोळे वापरून तपासणी करा

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, म्हणजे पुढच्या टायरची आतली बाजू दिसू लागते. जाड हातमोजे घालावेत, कारण झिजलेल्या टायरमधून बाहेर आलेली पोलादी तार हात चिरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही डोके घालू नये.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे बाजूच्या भिंतीवर आलेला फुगा. टायरच्या भिंतीत रबराच्या आत धाग्यांचे थर असतात आणि हवेचा दाब खऱ्या अर्थाने तेच पेलतात. ते तुटले किंवा कारखान्यात नीट जोडले गेले नाहीत, तर त्या ठिकाणी केवळ रबर उरते आणि ते फुग्यासारखे बाहेर येते. असा टायर आज फुटेल की महिन्याने, हे कोणीही सांगू शकत नाही, म्हणून फुगा लहान आहे या समाधानावर एक फेरीही मारू नये. याच्या अगदी उलट, भिंतीवर व्यासाच्या दिशेने जाणारी एखादी उथळ खोलगट रेघ पुष्कळ चांगल्या टायरवरही दिसते. धाग्यांच्या थराची टोके जिथे एकमेकांवर येतात, तिथे भिंत अधिक मजबूत असल्यामुळे ती कमी फुगते, एवढाच त्याचा अर्थ असतो. बाहेर आलेला उंचवटा धोक्याचा आणि आत गेलेली उथळ रेघ बहुधा निरुपद्रवी, हा फरक लक्षात ठेवला तर अनेक चुकीच्या तक्रारी वाचतात. रबरावर येणारी तपकिरी छटाही अशीच आहे. ऊन आणि ओझोन यांपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मिसळलेली द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि त्यांचाच तो रंग असतो.

भेगांकडे मात्र गांभीर्याने पाहावे. खाचांच्या तळाशी किंवा रिमजवळ जाळीसारख्या भेगा पडल्या असतील तर रबर म्हातारे झाले आहे. ती संरक्षक द्रव्ये टायर फिरताना, दाबला जाताना पृष्ठभागावर येत राहतात, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडतात, आणि स्टेपनीकडे तर वर्षानुवर्षे कोणाचे लक्षच नसते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदल, असा सल्ला अनेक मोठे टायर उत्पादक देतात. काही गाडी उत्पादक तर सहा वर्षांनीच बदलायला सांगतात. माझ्या मते उष्ण हवामानात आणि भरगच्च सामानासह वेगाने प्रवास करणाऱ्यांनी यातली कमी मुदतच धरावी.

नक्षीची खोली मोजताना मुख्य खाचांच्या तळाशी असलेले आडवे उंचवटे शोधावेत. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. अनेक देशांत हीच कायदेशीर मर्यादा आहे. पण मर्यादेपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी कमी झालेली असते. झीज कुठे झाली आहे तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याकडे) संशय जातो. या खुणा टायरच्या दोषाच्या नसून गाडीच्या किंवा देखभालीच्या आहेत.

जुने टायर नव्यासारखे करून विकण्याचे प्रकार ओळखायला थोडे निरखून पाहावे लागते. खाचा नव्याने कोरलेल्या असतील तर त्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार दिसतात, खोली जागोजागी वेगळी भरते आणि तळाचे ते आडवे उंचवटे गायब झालेले असतात. मोटारीच्या टायरवर अशी कोरणी करणे म्हणजे आतल्या पोलादी पट्ट्यांवरचे रबरच काढून टाकणे होय. वापरलेला टायर घ्यायचाच असेल तर तो रिमवरून उतरवून आतूनही पाहिल्याशिवाय घेऊ नये. आतल्या भिंतीवर गोलाकार घासल्याची पट्टी किंवा रबराची भुकटी आढळली, तर तो टायर कधीतरी हवेशिवाय चाललेला आहे आणि बाहेरून तो कितीही चकचकीत दिसला तरी आतून निकामी आहे.

चालत्या गाडीत जाणवणाऱ्या खुणा

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या चाकांचे, आणि आसन थरथरत असेल तर मागच्या चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. ते करूनही थरथर गेली नाही, तर चाक मशीनवर फिरवून टायर गोल आहे की नाही हे पाहायला सांगावे. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल तर हवेचा दाब सारखा करून पुढचे डावे-उजवे टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ दिशा बदलून विरुद्ध बाजूला गेली तर दोष टायरचा, आणि तशीच राहिली तर गाडीचा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेल्या टायरवर हा प्रयोग तसाच करता येत नाही, त्यासाठी ते रिमवरून उतरवून उलटे बसवावे लागतात.

सगळ्यांत जपायचे ते ठोके पडल्यासारख्या आवाजाला. वेगाबरोबर वाढणारा धप्-धप् आवाज आणि नक्षीच्या एखाद्या भागाला आलेला उंचवटा, ही नक्षीचा पट्टा आतल्या पोलादी थरापासून सुटू लागल्याची खूण असू शकते. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, ते याच प्रकारच्या बिघाडामुळे. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते आणि पट्टा निखळून गाड्या उलटल्याने अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षी तिथे झालेल्या कायद्याने उत्पादकांना दोषांची माहिती सरकारला लवकर कळवणे बंधनकारक केले. कमी हवा आणि उष्णता या दोन गोष्टी असा बिघाड वाढवतात, म्हणून हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर तपासावी. दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. टायरवर लिहिलेला कमाल दाब हा नेहमी भरायचा दाब नव्हे.

दोष आढळल्यावर

फुगा, बाहेर आलेले धागे किंवा तार, सुटू लागलेली नक्षी, यांपैकी काहीही दिसले तर गाडी तिथेच थांबवून स्टेपनी लावावी. चालत्या गाडीत असा संशय आला तर जोरात ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करत कडेला यावे. पंक्चरचे छिद्र नक्षीच्या मधल्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच ते दुरुस्त करावे, तेही टायर उतरवून, आतून ठिगळ आणि छिद्रात बूच अशा दोन्ही पद्धती एकत्र वापरून. बाहेरून घुसवलेली चिकट दोरी ही घर गाठण्यापुरती सोय आहे. भिंतीवरच्या छिद्राला दुरुस्ती नाही.

तक्रार करायची असेल तर टायर जसा आहे तसाच ठेवावा, त्यावर काही चिकटवू नये आणि तो दुकानदाराकडे सोडून येऊ नये. दोषाचे जवळून आणि लांबून फोटो, तारखेच्या अंकांचा फोटो, नक्षीची उरलेली खोली, धावलेले अंतर आणि बिल इतके सोबत घेऊन लेखी तक्रार द्यावी आणि टायर दिल्याची पोच घ्यावी. आपटल्यामुळे झालेली इजा हमीत सहसा धरली जात नाही, आणि फुग्यासमोरच रिमला पोचा आलेला असेल तर उत्तर काय येणार हे आधीच ओळखावे. तसा पोचा नसेल तर रिमचाही फोटो जोडावा, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. तक्रार मान्य झाली तरी भरपाई बहुधा शिल्लक नक्षीच्या प्रमाणात मिळते. त्याचबरोबर तुमच्या टायरचा प्रकार उत्पादकाने परत मागवला आहे का, हेही डीओटीची पूर्ण ओळ देऊन विचारावे.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागच्या चाकांना बसवावेत, कारण ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही. व्हॉल्व्हही नवा घ्यावा आणि चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यावेत. काढलेला निकामी टायर मात्र दुकानाच्या कोपऱ्यात तसाच सोडू नये. त्याची बाजूची भिंत तुमच्यासमोर आरपार कापून घ्यावी, म्हणजे काळा रंग फासून तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागणार नाही.