ग्वाल्हेरहून जनकपूर, व्हाया जयनगर: रेल्वेने नेपाळात कसं जायचं

जयनगर म्हणजे बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातलं शेवटचं स्टेशन, त्यापुढे नेपाळच. ग्वाल्हेरहून दिल्ली गाठा आणि तिथून स्वतंत्रता सेनानी एक्सप्रेस पकडा, ती थेट जयनगरला सोडते. मुंबईचे नातेवाईक सोबत येणार असतील तर त्यांना एलटीटीवरून (लोकमान्य टिळक टर्मिनस) पवन एक्सप्रेसने यायला सांगा, भेट जयनगरलाच.

आता मेन गोष्ट, कागदपत्रं. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नाहीतर वोटर कार्ड, तेही ओरिजिनल, मोबाईलमधला फोटो दाखवून "साहेब बघा ना" करत बसू नका. नुसत्या आधारच्या भरवशावर तर निघूच नका. आणि जयनगरहून जनकपूरला जाणारी नेपाळ रेल्वेची गाडी फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी आहे, म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाली भाची हौसेने आली असेल तर तिला यात बसता येणार नाही, हे घरीच सांगून टाका, स्टेशनवर रुसवेफुगवे नकोत.

नेपाळ रेल्वेचं स्टेशन आपल्या जयनगर स्टेशनला लागूनच आहे, तिकीट तिथल्याच खिडकीवर, आपल्या रेल्वेच्या ॲपवर शोधू नका. सामान तपासतात, त्यामुळे जरा आधीच पोचा. टायमिंग बदलत असतं म्हणून जायचं तिकीट काढतानाच परतीची शेवटची गाडी विचारून घ्या, आणि सांगितलेली वेळ भारतीय की नेपाळी हेही विचारा कारण तिकडचं घड्याळ १५ मिनिटं पुढे. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हिशोब सोपा आहे. आपलं सिम बॉर्डरपलीकडे रोमिंगवर जातं, परतीच्या पीएनआरचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

ही जयनगर-जनकपूर लाईन १९३७ पासूनची, आधी नॅरोगेज होती, आपल्या श्योपूरच्या गाडीसारखी. २०१४ ला बंद पडली आणि ब्रॉडगेज होऊन एप्रिल २०२२ ला परत सुरू झाली. डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या) गाड्या चेन्नईत बनलेल्या, पुरवल्या मात्र आपल्या कोकण रेल्वेने!

जनकपूरला जानकी मंदिर बघाच. ते बांधून घेतलं टीकमगढच्या राणी वृषभानूंनी, म्हणजे आपल्या शेजारच्याच, हे तिथे गेलेल्या कितीतरी ग्वाल्हेरवाल्यांना माहीतच नसतं. विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या दिवशी, भयंकर गर्दी असते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेवढे दिवस टाळा. परतीची गाडी चुकलीच तर बसने जलेश्वर, तिथून भिट्ठामोडला बॉर्डर ओलांडून सीतामढी, त्या रस्त्यानेही घरी येता येतं.