भूक मोजायला निघालात? कुलूप लागलेलं घर सोडू नका

प्रबंधासाठी खान्देशात अन्न-असुरक्षिततेचं सर्वेक्षण करायचं ठरवलं की आठ प्रश्नांची एफआयईएस प्रश्नावली (घरात अन्नाची टंचाई किती, हे मोजणारी प्रमाणित प्रश्नावली) पाठ होते आणि नमुना निवडीचं गणितही जमतं. काम बिघडतं ते नोव्हेंबर ते मार्चच्या काळात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यावर, एखाद्या बंद दारापाशी.

यादीतलं घर बंद दिसलं म्हणून शेजारचं घेतलं, असं बहुतेक जण करतात. कृपा करून करू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला घराला कुलूप लावून सगळं कुटुंब कोण नेतं? ज्याची कणगी रिकामी झाली, ज्याने पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली, तो. विहीर असलेला किंवा घरात एक पगार असलेला गावात भेटतो. शेजारचं घर घेतलंत म्हणजे उपाशी घर काढून जेवलेलं घर भरलंत.

आकड्यात बघा. समजा 100 घरं निवडली, 22 बंद निघाली. भेटलेल्या 78 पैकी 20 घरांत तीव्र टंचाई आहे, म्हणजे 26 टक्के. बदली घरं घेतली तरी उत्तर साधारण 26 च्या आसपासच राहतं. पण त्या 22 पैकी 13 घरांत टंचाई असेल तर खरा आकडा 33. या सात टक्क्यांचा फरक नमुना वाढवून भरून निघत नाही. 500 घरं घ्या, चूक तीच राहते, फक्त जास्त खात्रीशीर दिसते.

म्हणून घरांची यादी दिवाळीआधी, माणसं गावात असताना करा. बंद घराला स्वतंत्र कोड द्या: सगळे गेले, काही गेले, की फक्त शेतावर आहेत. कुठे गेले, किती जण, परत कधी, हे शेजाऱ्यांना विचारून लिहा. पुढची फेरी होळीच्या आसपास ठेवा, कारण भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळीला बरेच जण परततात. उरलेल्यांसाठी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) जा. तरीही न भेटलेली घरं अहवालात ‘न भेटलेली’ म्हणूनच दाखवा. उचल कधी घेतली आणि त्यातली किती धान्यात गेली, हा एक प्रश्न आपल्या मनाने जोडा. तो बाकीच्या आठांइतकंच सांगून जातो.

याच्याच जोडीची गोष्ट महिन्याची. सातपुड्यात उतारावरच्या एका पिकाची ज्वारी-मका असते. आषाढ-श्रावणात जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. शहादा-शिरपूरच्या सपाटीवर भूमिहीन भिल्ल मजुराला त्याच दिवसांत निंदणीचं काम मिळतं, ऑक्टोबरनंतर कापूस वेचणीचं. त्याची ओढाताण एप्रिल-मेमध्ये होते. दोन्हीकडे ऑगस्टमध्ये जाऊन ‘डोंगरात भूक जास्त’ लिहिलंत तर तुम्ही प्रदेश नव्हे, कॅलेंडर मोजलंत. 30 दिवसांच्या आठवणीवरचे प्रश्न ठेवून दोन हंगामांत दोन फेऱ्या करा. 12 महिन्यांची आठवण विचारली तर उत्तरात शेवटचे दोन-तीन महिनेच जास्त बोलतात.

तालुक्याची सरासरीही फसवी. शहाद्यात एकाच शिवारात केळी-ऊसवाला बागायतदार आणि त्याच्याकडे रोजाने राबणारं घर असतं. नमुना निवडण्यासाठी घरांचे थर (गट) पाडायचे तर जमातीच्या नावाबरोबर जमीन, पाणी आणि स्थलांतर यांवरही पाडा.

रेशनचा प्रश्न ‘कार्ड आहे का?’ एवढाच ठेवू नका. कार्डावर किती युनिट (नोंदलेली माणसं) आणि ताटावर किती माणसं, ते विचारा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. चार युनिटचं 20 किलो सहा जण खातात, कारण नव्या सुनेचं आणि बाळाचं नाव चढलेलं नसतं. अंत्योदयाला (सर्वांत गरीब घरांच्या कार्डाला) कार्डामागे 35 किलो ठरलेलं, म्हणजे नऊ जणांच्या घरात माणशी चार किलोही पडत नाही.

आहारातली विविधता नोंदवताना ‘भाकरी’ लिहून पुढे जाऊ नका. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, म्हणजे डाळीचा गट आला. नुसत्या दादरची (ज्वारीची एक जात) असेल तर नाही आला.

अंगणवाडीत बसून फॉर्म भरून घेण्याचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका; तिथपर्यंत पोचणाऱ्या बायकाच तुम्हाला मिळतील. आकडेशास्त्र गाईडकडून शिका, पण कोणता पाडा पावसात तुटतो ते अंगणवाडी सेविकेला विचारा. या बाबतीत मी तिच्या शब्दाला जास्त वजन देईन. दुभाषी म्हणून पाड्यातलीच शिकलेली मुलगी घ्या. पोलीस पाटील नको, त्याच्यासमोर कोणी ‘उपाशी झोपलो’ म्हणत नाही. उत्तर शक्यतो रांधणाऱ्या बाईकडून घ्या, आणि श्रावणातले उपवास किंवा रोजे ‘पैसे नव्हते म्हणून’ या सदरात जाणार नाहीत याची काळजी घ्या.

पावरी (डोंगरातल्या पावरा आदिवासींची बोली) आणि अहिराणीतल्या उत्तरांची थेट बेरीज करून तुलना करण्याआधी राश मॉडेलमध्ये (आठही प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का, हे तपासणारी संख्याशास्त्रीय पद्धत) प्रत्येक प्रश्नाचा इनफिट (प्रश्न बाकीच्यांशी किती जुळतो, याचा आकडा) 0.7 ते 1.3 मध्ये आहे का ते दोन्ही गटांत वेगवेगळं तपासा. एखादा प्रश्न बाहेर गेला तर घाबरू नका. बहुतेकदा भाषांतर गडबडलेलं असतं. तो प्रश्न पुन्हा त्या भाषेत बोलून बघा, नाहीच जमला तर तुलनेतून वगळा आणि तसं लिहा. 60 घरंच झाली तरी चालेल. प्रत्येक आकड्याशेजारी महिना आणि बंद घरांची संख्या मात्र छापा.