घरपट्टी आपल्या नेत्याची आणि समोरच्या नेत्याचीही: दोघांना एकच माप कसे लावावे

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील राजकारण पक्षापेक्षा गटावर अधिक चालते. नेता एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेला की त्याचा गटही त्याच्याबरोबर जातो. त्याचा बंगला तोच राहतो, त्या बंगल्याची कर आकारणी तीच राहते आणि थकबाकी असेल तर तीही तेवढीच राहते. बदलते ते फक्त लोकांचे मत. काल ज्यांनी त्या थकबाकीचा उल्लेख जनतेच्या पैशांवरचा दरोडा असा केला, तेच आज ती कार्यालयीन चूक असल्याचे सांगतात, आणि काल जे गप्प होते त्यांना आज अचानक कायद्याची कलमे पाठ असतात. सांगलीच्या विश्रामबागेत राहून मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की नेत्याच्या घरपट्टीविषयी मत बनवण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटले.

आरोप नेमका कशाचा आहे, हे आधी ठरवावे

"घरपट्टीत घोळ आहे" या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात, आणि दुटप्पीपणा बहुतेक वेळा याच सरमिसळीतून सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे साधी थकबाकी: बिल आले, मुदत संपली, पैसे भरले नाहीत. दुसरी म्हणजे कायद्याने मिळालेली सवलत. तिसरी म्हणजे अपुरी नोंद, म्हणजे जागेवर तीन मजले आणि दप्तरात एक, किंवा खाली दुकाने चालू असताना दप्तरात निवासी वापर. चौथी म्हणजे मिळकत पत्नीच्या, भावाच्या, कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर ठेवणे. या चारही गोष्टींचे वजन सारखे नाही, आणि आपल्या नेत्याची थकबाकी असली की तिला सवलत म्हणायचे व विरोधकाने सवलत घेतली की तिला चोरी म्हणायचे, हा प्रकार शब्दांच्या याच ढिलाईमुळे खपून जातो.

थकबाकीचा हिशेब सर्वांत सरळ आहे. महानगरपालिका क्षेत्रात मुदतीत न भरलेल्या बिलावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. अधूनमधून पालिका अभय योजना जाहीर करून ही शास्ती पूर्णतः किंवा अंशतः माफ करते, आणि अशा योजनेचा लाभ घेणे बेकायदा नसते. तरीही ज्याने वर्षानुवर्षे वेळेवर पट्टी भरली त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. ती करायची असेल तर योजनेविषयी करावी आणि तिचा लाभ घेतलेल्या प्रत्येकाविषयी सारख्याच शब्दांत करावी. एकट्या विरोधी नगरसेवकाचे नाव त्यातून वेगळे काढू नये. "आकारणीचा वाद चालू आहे, म्हणून भरले नाही" हे उत्तरही वारंवार ऐकू येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 नुसार कराविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील करता येते. मात्र ते दाखल करून घेतले जाण्यासाठी मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. त्यामुळे वादाचे कारण कोणी पुढे केले तर अपिलाचा क्रमांक आणि रक्कम जमा केल्याची पावती, या दोन्ही गोष्टी विचाराव्यात, आणि त्या आपल्या गटाच्या माणसालाही विचाराव्यात.

सवलतीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. राज्य शासनाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका निवासी मिळकतीच्या करात माफी दिलेली आहे. मिलिटरी अपशिंगेसारखे सैनिकांचे गाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तेथे अशी माफी घेतलेली घरे अनेक असणार, आणि त्यांपैकी एखाद्या घरातील माणूस राजकारणात असू शकतो. त्याच्या पट्टीची रक्कम शेजाऱ्यापेक्षा कमी दिसली म्हणून त्याने काही लपवले, असे होत नाही. संस्थांच्या इमारतींबाबत मात्र प्रश्न खोल आहे. सार्वजनिक पूजा किंवा सार्वजनिक धर्मादाय प्रयोजन यांसाठीच वापरल्या जाणाऱ्या इमारतींना सर्वसाधारण करातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि आपल्याकडे शिक्षण संस्था, ट्रस्ट आणि राजकीय घराणी एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की या सुटीचा प्रश्न कधी ना कधी उपस्थित होतोच. येथे विचारण्याचा प्रश्न एकच आहे: ज्या भागासाठी सूट घेतली, तो भाग खरोखर त्याच कामासाठी वापरला जातो का, की त्याच आवारात मंगल कार्यालय, भाड्याचे गाळे किंवा पक्षाचे संपर्क कार्यालय चालते? हा प्रश्न आपण दुसऱ्या गटाच्या महाविद्यालयाबद्दल विचारत असू, तर ज्या महाविद्यालयात आपला मुलगा शिकतो किंवा आपली सून नोकरी करते, त्याबद्दलही तो विचारण्याची तयारी ठेवली पाहिजे. माझ्या अनुभवात या टप्प्यावर बहुतेक लोक थांबतात, कारण तेथे प्रश्न केवळ मताचा उरत नाही, पोटापाण्याचाही होतो.

अपुऱ्या नोंदीचा प्रकार मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो, कारण थकबाकी निदान दप्तरात दिसते. नोंदच नसलेला मजला कोणत्याही यादीत दिसत नाही आणि त्याचा भार नियमित भरणाऱ्यांवर पडतो. अनधिकृत बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ नुसार मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती आकारण्याची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. "आमच्या साहेबांनी शास्ती भरली आहे, आता विषय संपला" असे कोणी सांगितले, तर करापुरता विषय संपला असेल, पण बांधकाम परवानगीचा विषय उघडाच राहतो, हे लक्षात ठेवावे.

कागद कोठे मिळतात

लोकसभा आणि विधानसभा यांच्या उमेदवारांचे शपथपत्र, म्हणजे नमुना 26, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 मे 2002 च्या निकालानंतर मालमत्ता आणि देणी जाहीर करण्याची ही पद्धत रुजली, आणि सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर त्यातील रकाने कोरे ठेवण्याची सोय राहिली नाही. त्यात जमीन आणि इमारतींचे वर्णन, क्षेत्रफळ, मिळकत वारसाने आली की विकत घेतली, आणि अंदाजे बाजारभाव असतो. शासकीय देण्यांमध्ये मालमत्ता कराच्या थकबाकीचा वेगळा रकाना असतो आणि वादातील देणीही सांगावी लागतात. खोट्या शपथपत्रासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 125 अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्हींची शिक्षा आहे. मात्र एक चूक टाळावी. शपथपत्रातील बाजारभावावरून घरपट्टी किती असायला हवी याचे गणित मांडू नये. जेथे आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर होते, तेथे त्या मूल्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट होऊन करपात्र मूल्य ठरते, आणि त्याचा आजच्या बाजारभावाशी थेट संबंध नसतो. "पाच कोटींचा बंगला आणि पट्टी एवढीच?" हा संदेश म्हणूनच पुष्कळदा निरर्थक असतो, मग तो कोणाच्याही बंगल्याविषयी असो.

गावात मिळकत असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, आणि नमुना 9, म्हणजे मागणी नोंदवही, हे दोन कागद पाहावेत. भरल्याची पावती नमुना 10 मध्ये असते. येथे कायदाही अधिक कडक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ह) नुसार बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य म्हणून अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबातील एकाने कर थकवला तर ती अपात्रता त्या कुटुंबातील सर्वांना लागू होते. आमदार किंवा खासदार यांना अशी अपात्रता नाही; त्यांना थकबाकी केवळ जाहीर करावी लागते. थोड्या रकमेसाठी सरपंचाचे पद जाते आणि विधिमंडळातील माणसाला एक रकाना भरून पुढे जाता येते. खरे माप येथेच वेगळे आहे, आणि त्याविषयी दोन्ही गटांनी मिळून बोलायला हवे.

साताऱ्यात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर यांसारखा भाग नगरपालिकेत आला. तेथील मिळकतीचा जुना काळ ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि नंतरचा काळ नगरपालिकेच्या दप्तरात असल्यामुळे एकच दप्तर पाहून "दहा वर्षे भरलेच नाही" असे म्हणू नये.

उघडपणे न मिळणाऱ्या नोंदींसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचे शुल्क लागते, अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा, आणि 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते. वैयक्तिक माहितीच्या कारणावरून नकार मिळण्याची शक्यता राहते, म्हणून व्यक्तीचे नाव घालून "यांची सर्व माहिती द्या" असे लिहिण्याऐवजी प्रभागातील सर्वांत मोठ्या थकबाकीदारांची यादी, त्यांना बजावलेल्या नोटिसा आणि जप्तीच्या कारवाया मागाव्यात. त्यामुळे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, आणि यादीत सर्वच गटांची नावे येत असल्याने मागणाऱ्याची नियतही स्पष्ट राहते. नकार आल्यास 30 दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

नाव झाकून निकाल लिहावा

कागद हाती आल्यावर निकाल दोनदा लिहावा. प्रथम नावाच्या जागी "क्ष" घालून चार ओळी लिहाव्यात: किती रक्कम, किती काळ, वरील चारपैकी कोणता प्रकार, आणि आपल्या मते काय व्हायला हवे, माफी मागावी, पैसे भरावेत, चौकशी व्हावी की पद सोडावे. त्यानंतरच नाव घालावे. नाव घातल्यावर शिक्षा सौम्य किंवा कडक करावीशी वाटली, तर त्या इच्छेचे कारण पाचव्या ओळीत लिहावे. ते कारण कागदातून आलेले असेल, उदाहरणार्थ त्या माणसाकडे तेव्हा कर समितीचेच सभापतिपद होते, तर ते ग्राह्य आहे. "पण त्यांनी आमच्या भागात पाणी आणले" हे कारण खरे असले तरी घरपट्टीच्या निकालात त्याला जागा नाही.

सराव करायचा असेल तर आपल्या गावापासून दूरची प्रकरणे घ्यावीत, कारण तेथे भावकी आड येत नाही. ब्रिटनच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी होव्ह येथे घेतलेल्या सदनिकेवर सुमारे 40,000 पौंड मुद्रांक शुल्क कमी भरले होते, आणि त्या 5 सप्टेंबर 2025 रोजी पायउतार झाल्या. त्यांच्या जुन्या घरातील हिस्सा अपंग मुलासाठीच्या ट्रस्टकडे गेला होता; तरीही नियमानुसार ते घर त्यांचेच धरले जात असल्याने नव्या सदनिकेवर दुसऱ्या घरासाठीचा चढा दर लागू होता. त्याआधी 29 जानेवारी 2023 रोजी हुजूर पक्षाचे अध्यक्ष नदीम झहावी यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांचा कर घरावरचा नव्हता, समभागांशी संबंधित होता, आणि कर खात्याची चौकशी त्यांनी वेळेवर जाहीर केली नव्हती. झहावी यांच्या वेळी मजूर पक्ष राजीनामा मागत होता, मजूर पक्षाच्याच रेनर यांच्या वेळी हुजूर पक्ष. दोन्ही चौकशा मात्र मंत्र्यांच्या आचरणाविषयी पंतप्रधानांना सल्ला देणारे सर लॉरी मॅग्नस या एकाच सल्लागाराने केल्या, आणि दोन्ही वेळा मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला. रेनर यांचा हेतू प्रामाणिक होता हेही त्याच अहवालात नोंदवले गेले. हेतू प्रामाणिक असणे आणि नियम मोडला जाणे या दोन गोष्टी वेगळ्या ओळींत लिहिता येतात, हे या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे. या दोघांपैकी कोणाचे कृत्य अधिक गंभीर, हे आधी लिहून काढावे आणि मगच आपल्या जिल्ह्यातील प्रकरणाकडे वळावे.

स्वतःची पट्टी

नेत्याविषयी लिहिण्यापूर्वी स्वतःच्या घराचा कर आकारणी उतारा काढावा, हे मी आग्रहाने सांगतो. वडिलांच्या निधनानंतर आमच्या घराची पट्टी कित्येक वर्षे त्यांच्याच नावाने येत होती, आणि आम्ही ती भरत होतो. दप्तरानुसार माझ्या नावावर काहीच नव्हते. कोणी माझे शपथपत्र आणि घर शेजारी ठेवून पाहिले असते, तर मी मिळकत लपवली असा समज सहज झाला असता. वास्तविक आम्ही वारस नोंदीच्या कामाला आळस केला होता. तो आळस आमचा होता आणि ती चूकही आमचीच होती. तेव्हापासून एखाद्या नेत्याचे घर अद्याप आजोबांच्या नावावर दिसले की मी प्रथम वारस नोंद केव्हा व्हायला हवी होती हे पाहतो, आणि त्या विलंबाने कर बुडाला का, की केवळ नाव जुने राहिले, हे वेगळे करतो. आपण वरच्या खोल्या भाड्याने दिल्या असतील आणि ते कर विभागाला कळवले नसेल, तर नेत्याच्या गाळ्यांविषयी लिहिण्यापूर्वी ते कळवून टाकावे.

आरोप जाहीर करताना मिळकत क्रमांक, आर्थिक वर्ष आणि कागदाचा दिनांक लिहावा, आणि संबंधित माणसाकडे किंवा त्याच्या कार्यालयाकडे आधी उत्तर मागावे. त्यासाठी किमान आठ दिवस द्यावेत. उत्तरात पावती आली आणि ती खरी निघाली, तर ज्या गटावर, ज्या कट्ट्यावर किंवा ज्या सभेत आपण आरोप केला होता, तेथेच पावतीचा क्रमांक आणि दिनांक वाचून दाखवून आरोप मागे घ्यावा.